विकल्प की धाक? : इंग्रजीतील ‘ऑर’च्या काही प्रयोगांचा विचार

१

भाषांतराच्या वर्गात साध्या वाक्यांवरून जो घोटाळा होतो, तो पुष्कळदा अवघड वाक्यांवरून होत नाही. अवघड वाक्यापाशी विद्यार्थी थांबतो, कोश उघडतो, विचार करतो. साधे वाक्य मात्र तो सरावाने ओलांडून जातो. इंग्रजीतील ‘ऑर’ हे उभयान्वयी अव्यय अशाच सरावाचा बळी ठरलेले आहे. ‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’ अथवा ‘अथवा’ हे समीकरण आपण शाळेत शिकतो, आणि ते पुढे कधी तपासून पाहत नाही. पाहुण्याला चहा हवा की कॉफी हे विचारताना इंग्रज जे अव्यय वापरतो, तेच अव्यय वाटमाऱ्याने पिस्तूल रोखून वापरलेले असते. पहिल्या ठिकाणी ‘किंवा’ शोभते. दुसऱ्या ठिकाणी ‘पैसे किंवा प्राण’ असे भाषांतर केले, तर ते वाक्य मराठी कानाला दुकानदाराच्या दरपत्रकासारखे वाटू लागते. तेथील भीती नाहीशी होते आणि केवळ यादी उरते.

हा दोष शब्दाच्या निवडीपुरता नाही. त्यामागे एक व्याकरणाचा आणि त्याहूनही अधिक एक नीतीचा प्रश्न आहे. ज्या वाक्यात ऐकणाऱ्याला निवडीस वाव नसतो, त्या वाक्याला निवडीचे रूप का दिले जाते? आणि ते रूप दिल्याने बोलणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते? प्रस्तुत निबंधात इंग्रजीतील विकल्पवाचक उक्तींचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. मराठीचा संबंध येईल तो तुलनेपुरता, आणि इंग्रजीची ही लकब आपल्या लेखनात जेथे उतरली आहे तेवढ्यापुरता.

२

आरंभी शब्दांचे कूळ पाहू. ‘ऑर’ हे मध्य इंग्रजीतील एका लांब अव्ययाचे आखूड झालेले रूप होय. त्याच्या घडणीवर ‘आयदर’, ‘व्हेदर’ अशा, दोहोंपैकी एक दर्शविणाऱ्या शब्दांची छाया पडलेली आहे. ‘एल्स’ हा शब्द प्राचीन इंग्रजीतील ‘एल्लेस’पासून आला, मूळ अर्थ ‘अन्य’, लॅटिनमधील ‘आलिउस’ हा त्याचा भाऊबंद. ‘अदरवाइज’ म्हणजे अन्य रीतीने. ‘ऑल्टर्नेटिव्ह’ हे नाम लॅटिन ‘आल्टेर’कडे, म्हणजे ‘दोहोंपैकी दुसरा’ या अर्थाकडे जाते. एकटे ‘अनलेस’ या कुळाबाहेरचे आहे. ते ‘त्याहून कमी अटीवर’ अशा अर्थाच्या शब्दसमूहातून बनले. तेव्हा असे म्हणता येईल की, इंग्रजीत धाक घालण्यासाठी जी अव्यये नेहमी कामाला येतात, ती बहुतेक ‘दुसरे’ या एकाच कल्पनेची अपत्ये आहेत. हे नाही, तर ते दुसरे. आणि ते दुसरे काय, हे तुम्ही समजून घ्या.

मराठीत ‘अन्यथा’ हा शब्द याच जातीचा. तो संस्कृतातून आला आणि आज तो मुख्यतः कचेरीच्या कागदात आढळतो. बोलण्यातील शब्द मात्र ‘नाहीतर’ हा आहे, आणि त्याची घडण निराळी आहे. त्यात ‘दुसरे’ कोठेच नाही. त्यात एक नकार आहे आणि एक ‘तर’ आहे. म्हणजे अट आणि परिणाम ही दोन्ही त्या शब्दाच्या पोटातच उघडी पडलेली आहेत. ‘अभ्यास कर, नाहीतर नापास होशील’ याचा उलगडा ‘अभ्यास केला नाहीस, तर नापास होशील’ असा करावयास व्याकरणाचा आधार घ्यावा लागत नाही. शब्दच तो करून देतो.

मराठी व्याकरणाच्या परंपरेत उभयान्वयी अव्ययांचे जे वर्ग मानले जातात, त्यांतील विकल्पबोधक आणि संकेतबोधक हे दोन वर्ग येथे उपयोगी पडतात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) ही परिभाषा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’, ‘की’ ही विकल्पबोधक. ‘जर–तर’ हे संकेतबोधक. या परिभाषेत सांगावयाचे, तर इंग्रजीतील धमकीचे ‘ऑर’ रूपाने विकल्पबोधक आणि कार्याने संकेतबोधक आहे. आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. रूप पाहून भाषांतर करणारा ‘किंवा’ लिहितो. कार्य पाहणाऱ्याला ‘नाहीतर’ लिहावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ‘अ किंवा ब’ आणि ‘अ नसेल, तर ब’ यांत भेद नाही, मग हा वाद कशासाठी? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. खुद्द तर्कशास्त्रज्ञांचेही ‘ऑर’विषयी एकमत होण्यास वेळ लागला. जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात जी बेरीज कल्पिली, ती परस्परांना वगळणाऱ्या वर्गांपुरतीच अर्थपूर्ण होती; दोन्ही पक्ष एकाच वेळी खरे असू शकतात असा समावेशक विकल्प विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६४ मध्ये पुढे आणला. परंतु दोघांच्याही पद्धतीत ‘अ किंवा ब’ आणि ‘ब किंवा अ’ ही सारखीच. धमकीत ती सारखी नसतात. समतेचे जे चिन्ह तर्कशास्त्राला सोयीचे, तेच भाषेच्या अभ्यासकाला फसविणारे ठरते.

३

खरा विकल्प आणि धाक यांत भेद करण्यासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात.

पहिली क्रमाची कसोटी. ‘चहा किंवा कॉफी’ याऐवजी ‘कॉफी किंवा चहा’ म्हटल्याने काही बिघडत नाही. ‘थांब, नाहीतर गोळी घालीन’ याचे ‘गोळी घालीन, नाहीतर थांब’ असे केले की वाक्य कोसळते. धाकाच्या वाक्यात पहिला पक्ष मागणीचा असतो, दुसरा शिक्षेचा. ही जागा अदलाबदलीची नाही.

दुसरी मौनाची कसोटी. ‘चहा घ्या, किंवा…’ असे म्हणून यजमान थांबला, तर पाहुणा पुढील शब्दाची वाट पाहतो. इंग्रजीतील ‘ऑर एल्स’ एवढ्यावर बोलणारा थांबला, तर कोणी वाट पाहत नाही. वाक्य पुरे झालेले असते. किंबहुना पुढील शब्द उच्चारल्याने त्याचा जोर कमी होतो, कारण सांगितलेल्या शिक्षेला माप असते आणि न सांगितलेल्या शिक्षेला ते नसते.

तिसरी, आणि आमच्या मते निर्णायक, कर्त्याची कसोटी. दुसऱ्या पक्षातील क्रिया कोणाची? खऱ्या विकल्पात दोन्ही क्रिया ऐकणाऱ्याच्या असतात; चहाही तोच घेणार, कॉफीही तोच घेणार. धमकीत पहिली क्रिया ऐकणाऱ्याची आणि दुसरी बोलणाऱ्याची असते. आणि या दोहोंच्या मध्ये इशारा आहे: ‘औषध घ्या, नाहीतर ताप वाढेल’ असे वैद्य म्हणतो, तेव्हा दुसरी क्रिया ना त्याची, ना रोग्याची, ती रोगाची असते. वैद्याच्या या वाक्याला कोणी धमकी म्हणत नाही, ते ताप वाढणे त्याच्या हातचे नाही म्हणून.

याच कसोट्यांवर ‘ऑर एल्स’चा आणखी एक, निरुपद्रवी, उपयोग वेगळा काढता येतो. ‘तो घरीच असला पाहिजे, नाहीतर दिवा दिसला नसता’ या प्रकारच्या अनुमानवाक्यातही इंग्रजी ‘ऑर एल्स’ वापरते. येथे क्रम बदलत नाही, पण कर्ता बोलणारा नाही आणि मौनाला वाव नाही. या वाक्यात ‘किंवा’ घालून पाहावे. ते तत्काळ मोडते. ‘नाहीतर’ मात्र खरा विकल्प, अनुमान, इशारा आणि धमकी या चारही ठिकाणी चालते, कारण मराठी माणूस ‘चहा घे, नाहीतर कॉफी घे’ असेही म्हणतोच. तात्पर्य, भाषांतरकाराला शंका आली असता ‘किंवा’पेक्षा ‘नाहीतर’ हा अधिक सुरक्षित आश्रय होय.

धमकीच्या वाक्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ‘दे, नाहीतर मारीन’ हे ऐकणारा ‘दिले, तर मारणार नाही’ असे समजतो. तसे वचन मात्र वाक्यात कोठेही दिलेले नसते. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी यांनी १९७१ मध्ये अशा अनुमानांना ‘आमंत्रित अनुमान’ या अर्थाचे नाव दिले. बोलणारा ते अनुमान काढावयास बोलावतो, पण त्याची जबाबदारी घेत नाही. धमकी देणाऱ्याला या वचनाचा सर्व लाभ मिळतो. ते मोडले, तर त्याच्यावर खोटेपणाचा आरोपही करता येत नाही.

४

धमकीचा विकल्प हा विकल्प नव्हे, हे इंग्रजी भाषकांना कळत नव्हते असे नाही. त्यांच्या विनोदाने आणि म्हणींनी ते व्याकरणाच्या आधीच ओळखले होते. ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ ही वाटमाऱ्याची ठरीव उक्ती घ्या. पैसे की जीव, असा येथे समान दर्जाचा प्रश्न असल्याचा आभास आहे. परंतु पैसे राखून जीव देण्याचा पक्ष वास्तविक अस्तित्वातच नाही. जो जीव देईल त्याचे पैसेही जाणारच. एका पक्षात एकाची हानी, दुसऱ्यात दोहोंची. जाक लाकाँ यांनी १९६४ च्या आपल्या व्याख्यानमालेत याच उदाहरणाचा असा उपयोग केला होता. मनोविश्लेषणाचा त्यांचा हेतू बाजूस ठेवला, तरी विकल्पाचे त्यांनी केलेले पृथक्करण निर्दोष आहे.

अमेरिकन विनोदकार जॅक बेनी यांच्या नभोवाणी कार्यक्रमात २८ मार्च १९४८ रोजी हीच उक्ती आली. बेनी यांनी रंगविलेले पात्र कंजूषपणाबद्दल प्रसिद्ध. चोर ती मागणी करतो; पात्र गप्प. चोर पुन्हा दरडावतो. तेव्हा उत्तर मिळते की, आपण विचार करीत आहोत. या हास्याचे कारण काय? धमकीने पांघरलेले निवडीचे रूप त्या कंजुषाने खरे मानले. वाक्याच्या रूपावर विश्वास ठेवणे एवढाच त्याचा प्रमाद, आणि तेवढ्याने सर्व श्रोत्यांना त्या रूपाचा खोटेपणा दिसला. व्याकरणाच्या पाठात इतकी नेमकी उदाहरणे क्वचित मिळतात.

‘हॉब्सन्स चॉइस’ या वाक्प्रचारातही हेच भान आहे. केंब्रिजचे टॉमस हॉब्सन भाड्याने घोडे देत. ते १६३१ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्यूवर मिल्टनने कविता लिहिल्या. दाराजवळचा घोडा न्यावा, नाहीतर कोणताच नेऊ नये, असा त्यांचा नियम. येथे शिक्षा नाही, धाक नाही; तरी निवडही नाही. कर्त्याच्या कसोटीवर हॉब्सन निर्दोष ठरतात, कारण नकार दिल्यास ते गिऱ्हाइकाचे काही बिघडवीत नाहीत. लोकांनी त्यांच्या नावाने थट्टा रूढ केली, पण त्यांना वाटमाऱ्या म्हटले नाही. हा भेद भाषेने नीट राखला आहे.

‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे तिसरे उदाहरण. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उत्तर अमेरिकेत, विशेषतः कॅनडात, हॅलोवीनच्या संध्याकाळी मुले दारोदार ही घोषणा करू लागल्याचे दाखले मिळतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, हा तिचा अर्थ. आज दार उघडणाऱ्याला कोणी खोडी काढील असे वाटतही नाही. धमकीचे रूप उरले आहे, आशय गळाला आहे. ध्यानात घेण्यासारखे हे की, या घोषणेत शिक्षा आधी आणि मागणी नंतर येते. क्रमाची कसोटी येथे लागू पडत नाही, आणि धमकी लटकी झाल्याचे तेही एक लक्षण मानावयास हरकत नाही.

५

आता न बोललेल्या धाकाकडे वळू. इंग्रजीत ‘ऑर एल्स’ नंतर मौन येते, हे वर सांगितले. मराठीतही मौन आहे, पण ते दुसऱ्या जागी आहे. ‘खबरदार, पुढे याल तर!’ या वाक्यात अट स्पष्ट आहे, ‘तर’ही आहे, नंतरचा परिणाम गिळलेला आहे. ‘हात लावून तर बघ’ यात आज्ञार्थ आहे, पण सांगितले आहे त्याच्या नेमके उलट करावयास. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत जवळचा प्रयोग आहे. तेथे आज्ञार्थापुढे ‘अँड’ हे समुच्चयबोधक अव्यय येते आणि पुढे शिक्षा: हाल, आणि मी गोळी घालतो. रूपाने आज्ञा व समुच्चय. अर्थाने निषेध व संकेत. म्हणजे एकाच धाकाला इंग्रजीत नकारार्थी आज्ञेपुढे ‘ऑर’ आणि होकारार्थी आज्ञेपुढे ‘अँड’ अशी दोन विरुद्ध अव्यये चालतात. अव्ययाचा कोशगत अर्थ येथे किती थोडे काम करतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

रूपाने विधी आणि आशयाने निषेध, हा प्रकार आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या पहिल्या उद्योतात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांचा विरोध दाखविण्यासाठी जे पहिले उदाहरण घेतले, ते महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीचे आहे. गोदावरीच्या काठच्या संकेतस्थळी एक धार्मिक पुरुष फुले तोडावयास येतो. त्याला नायिका म्हणते की, आता निर्धास्त हिंड, तुला त्रास देणारे कुत्रे सिंहाने मारले. वाच्यार्थ परवानगीचा, व्यंग्यार्थ असा की, कुत्र्याला भिणाऱ्याने सिंहाच्या रानात पाऊल टाकू नये. येथे ‘नाहीतर’ नाही, ‘किंवा’ नाही, अटही नाही. कर्त्याची कसोटी लावली, तर दुसरी क्रिया सिंहाची आहे. नायिकेने केवळ बातमी दिली. धमकीला इशाऱ्याचे आणि इशाऱ्याला शुभवार्तेचे रूप देणारे हे वाक्य पाहिले की, आधुनिक राजनीतीतील पुष्कळ वाक्ये त्याच जातीची आहेत असे दिसते.

याच्या नेमके उलट उदाहरण इंग्रजी कायद्यात आहे. टबरव्हिल विरुद्ध सॅव्हेज या १६६९ च्या खटल्यात एकाने तलवारीवर हात ठेवून म्हटले होते की, न्यायाधीशांच्या फेरीचा काळ नसता, तर असले बोलणे आपण खपवून घेतले नसते. न्यायालयाने तो हल्ला मानला नाही, कारण फेरीचा काळ चालू होता आणि बोलणाऱ्याच्या शब्दांनीच हात आवरल्याचे सांगितले होते. हाताने धमकी दिली आणि संकेतार्थाने ती मागे घेतली. येथे ‘जर–तर’ हे धाकाचे साधन नसून धाकाला घातलेला लगाम आहे. एकच व्याकरण दोन्ही कामे करते. म्हणून केवळ अव्ययावरून धमकी ओळखता येत नाही.

अमेरिकेतील वॉट्स खटल्याचा १९६९ चा निर्णयही याच दिशेचा. सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या एका अठरा वर्षांच्या तरुणाने १९६६ मध्ये एका सभेत, आपल्या हाती रायफल दिलीच तर, अशा अटीवर अध्यक्ष जॉन्सन यांच्याविषयी हिंसक उद्गार काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने संदर्भ, वाक्यातील अट आणि ऐकणाऱ्यांचे हसणे ही तिन्ही ध्यानात घेऊन तो राजकीय अतिशयोक्तीचा प्रकार ठरविला. आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ५०३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये फौजदारी धाकदपटशाची जी व्याख्या आहे, तीही विशिष्ट शब्दांवर नव्हे, तर भय उत्पन्न करण्याच्या किंवा काही करावयास लावण्याच्या हेतूवर उभी आहे. कायदा हेतू शोधतो. भाषेच्या अभ्यासकाने रूप आणि हेतू यांतील अंतर शोधावे.

६

हे अंतर जेथे सर्वांत अधिक असते, तेथे कर्ता नाहीसा झालेला असतो. धमकीच्या दुसऱ्या पक्षातील क्रिया बोलणाऱ्याची असते, हे आपण पाहिले. ती क्रिया बोलणाऱ्याने स्वतःकडून काढून निसर्गाकडे, परिस्थितीकडे वा कोणाकडेच न सोपविली, की धमकीला इशाऱ्याचे रूप येते. इंग्रजी गद्याने, विशेषतः राजनैतिक गद्याने, ही कला पूर्णत्वास नेली.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी नभोवाणीवरून देशाला सांगितले की, त्या सकाळी जर्मनीला अंतिम खलिता देण्यात आला होता: अकरा वाजेपर्यंत पोलंडमधून सैन्य काढून घेण्याची तयारी असल्याचे न कळविल्यास दोन्ही देशांत युद्धाची स्थिती अस्तित्वात येईल. मूळ वाक्यात ‘अनलेस’ आहे. ‘आम्ही युद्ध करू’ असे तेथे नाही. युद्धाची ‘स्थिती’ ‘अस्तित्वात येणार’ आहे. या उदाहरणी बोलणाऱ्याची बाजू न्याय्य होती, याबद्दल आज कोणास शंका वाटू नये. तरीही रचना तीच आहे, आणि रचनेला न्याय-अन्याय कळत नाही.

दुसरे उदाहरण अधिक भयंकर आहे. २६ जुलै १९४५ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांच्या शासनप्रमुखांच्या नावे पॉट्सडॅम येथून घोषणापत्र निघाले. त्याच्या तेराव्या आणि शेवटच्या कलमात जपानच्या सरकारला सैन्याच्या बिनशर्त शरणागतीची घोषणा करण्यास सांगितले होते, आणि शेवटच्या वाक्यात जपानपुढील ‘ऑल्टर्नेटिव्ह’ म्हणजे त्वरित आणि संपूर्ण विनाश होय, असे म्हटले होते. अणुबाँबची पहिली चाचणी त्याआधी दहा दिवसांनी, १६ जुलैला, झालेली होती. घोषणापत्रात तिचा उल्लेख नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी या शहरांवर बाँब पडले.

त्या शेवटच्या वाक्याची रचना पाहावी. त्यात क्रियापद केवळ अस्तित्ववाचक आहे. विनाश ‘करणारा’ कोणी नाही. विनाश हा जपानपुढे असलेला एक ‘पर्याय’ आहे, जणू तो जपानच्याच मालकीचा. क्रमाची कसोटी धमकी दाखविते, मौनाची कसोटीही दाखविते, कारण पर्यायाचे स्वरूप खरोखरच सांगितलेले नव्हते. कर्त्याची कसोटी मात्र हाताला लागत नाही, कारण कर्ता वाक्यातून बाहेर काढलेला आहे. ‘दोहोंपैकी दुसरा’ एवढाच ज्या शब्दाचा मूळ अर्थ, त्या शब्दाने येथे दोन शहरांचे भवितव्य सांगितले. वाक्य वेगळे असते, तर इतिहास वेगळा झाला असता, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, त्या वाक्याचे मराठी करताना ‘जपानपुढे दुसरा पर्याय म्हणजे विनाश’ असे लिहिणारा मूळ रूपाशी प्रामाणिक राहतो, आणि त्याच्या वाचकाला, विनाश कोण करणार, हा प्रश्न पडावा अशी व्यवस्था त्याने टीपेत वा प्रस्तावनेत केली नाही, तर मूळ वाक्याच्या लपवाछपवीत तोही नकळत भागीदार होतो.

विद्यापीठांच्या जगातील उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. ‘पब्लिश ऑर पेरिश’ ही उक्ती अमेरिकन विद्यापीठांत दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळापासून ऐकू येते. येथेही दुसरे क्रियापद अकर्मक आहे: ‘नष्ट हो’. नष्ट कोण करतो, ते सांगितलेले नाही. नेमणूक न करणारी समिती, बढती रोखणारा नियम, अनुदान नाकारणारे मंडळ, या सर्वांचे निर्णय या उक्तीत निसर्गनियमासारखे दिसतात. जणू पावसाअभावी पीक करपावे तसा लेखाअभावी प्राध्यापक करपतो. दोन्ही शब्दांच्या आरंभीचा ‘प’कार त्या नियमाला म्हणीचे रूप देतो आणि म्हणीला कोणी जाब विचारीत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले, तेव्हापासून ही उक्ती आपल्या शिक्षकवर्गातही रुळली. तिच्यातील ‘ऑर’ विकल्पाचे नाही. ते ‘नाहीतर’ आहे, आणि त्या ‘नाहीतर’ला कर्ता आहे. तो कर्ता वाक्यात परत आणला, म्हणजे त्याच्याशी वाद घालता येतो; नियमाशी वाद घालता येत नाही.

आपल्या कचेरीतील मराठीत हीच रचना ‘अन्यथा’च्या रूपाने आली आहे. ‘थकबाकी सात दिवसांत भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य कोणाच्या परिचयाचे नाही? इंग्रजी प्रशासनातील ‘फेलिंग विच’ या ठरीव शब्दांचा आणि त्यापुढील कर्तृहीन कर्मणी प्रयोगाचा हा प्रतिध्वनी आहे. ‘करण्यात येईल’ या प्रयोगात कारवाई करणारा दिसत नाही. ‘नाहीतर आम्ही दावा लावू’ हे बोलीतील वाक्य उद्धट वाटते खरे. पण त्यात दावा लावणारा समोर उभा असतो आणि त्याला उत्तर देता येते.

७

शेवटी एका उक्तीचा विचार करावयास हवा, कारण ती वरील सर्व विवेचनाला अपवाद आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर महात्मा गांधींनी देशाला ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र दिला. रूपाने हा विकल्प. पण त्यात धाक नाही. कर्त्याची कसोटी लावावी. करणारे आपण, आणि मरणारेही आपणच. दुसरी क्रिया ऐकणाऱ्यावर लादलेली नाही. बोलणाऱ्याने ती स्वतःवर घेतली आहे. हे धमकीचे नव्हे, प्रतिज्ञेचे व्याकरण होय, आणि ते सर्वस्वी प्रथमपुरुषी अनेकवचनावर उभे आहे.

इंग्रजीत याचे ‘डू ऑर डाय’ झाले. ही उक्ती इंग्रजीत जुनी आहे; आणि तिची पकड इतकी घट्ट की, टेनिसनच्या १८५४ मधील घोडदळाच्या प्रसिद्ध कवितेत ‘अँड’ असताना लोकांच्या स्मरणात तेथे ‘ऑर’ येऊन बसले. मृत्यू निश्चित असलेल्या शिपायांना कवीने विकल्प दिला नव्हता; वाचकांच्या स्मृतीने तो दिला. इंग्रजीतील त्या रूपाला पुरुष नाही, वचन नाही. ते आज्ञा म्हणूनही वाचता येते. मराठी ग्रंथांत आणि क्रमिक पुस्तकांत त्याचे ‘करा किंवा मरा’ असे जे रूप रूढ झाले, ते इंग्रजीच्या अंगाने गेलेले दिसते. त्यात प्रथमपुरुष गळून द्वितीयपुरुष आला. ‘आम्ही करू किंवा मरू’ या प्रतिज्ञेची ‘तुम्ही करा किंवा मरा’ अशी आज्ञा झाली. हा फरक लहान नाही. आज्ञा देणारा मागे राहू शकतो. प्रतिज्ञा घेणारा राहू शकत नाही. मूळ हिंदुस्तानी वाक्य मराठी वाचकाला सहज कळणारे असता, ते इंग्रजीच्या वाटेने फिरवून आणण्याचे कारण नव्हते. ‘करू किंवा मरू’ एवढा बदल पुढील आवृत्तीत करणे कोणत्याही संपादकाला अवघड नाही.

तात्पर्य, ‘ऑर’ हे अव्यय इंग्रजीत यजमानाच्या तोंडी निवड आहे, वैद्याच्या तोंडी इशारा, वाटमाऱ्याच्या तोंडी धमकी आणि सत्याग्रह्याच्या तोंडी प्रतिज्ञा. चारही ठिकाणी शब्द एक. फरक दुसऱ्या क्रियेच्या कर्त्याचा. आपल्याच मनाला घातलेल्या प्रश्नाचा पाचवा प्रकार हॅम्लेटच्या स्वगतात आहे, आणि तेथे मराठीला ‘किंवा’ही नको, ‘नाहीतर’ही नको, ‘की’ हवे. भाषांतर करणाऱ्याने ‘ऑर’ दिसताच कोश उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: दुसऱ्या पक्षातले काम कोण करणार आहे? उत्तर वाक्यात मिळाले, तर अव्यय निवडणे सोपे होते. उत्तर मिळाले नाही, तर ते कोणी आणि कशासाठी वगळले, हे पाहणे हे भाषांतरकाराचे, आणि त्याच्याइतकेच समीक्षकाचे, काम होय.